प्रारूप विकास योजना लागली आहे. वाचनालय, मैदान, बाजाराच्या जागांसाठी हरकत कशी लिहायची?

निंबाची_सावली | सोमवार, रात्री 9:10

राम राम मंडळी. आमच्या गावाची (जळगाव जिल्हा, तालुक्याचं गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही) सुधारित प्रारूप विकास योजना (म्हणजे गावात पुढे कुठे रस्ते, मैदान, बाजार होणार याचा कच्चा नकाशा) नगरपरिषदेच्या जिन्याजवळच्या भिंतीवर लागली आहे. सूचना-हरकतींना 30 दिवस आहेत, त्यातले 9 गेले. मी तीनदा जाऊन आले. तिन्ही वेळा नकाशासमोर प्लॉटचे व्यवहार करणारे आणि ज्यांच्या शेतातून रस्ता चाललाय ते शेतकरी, एवढेच उभे होते. त्यांनी यावंच, त्यांचं पोट त्यात आहे. पण वाचनालय कुठे होणार, पोरी कुठे खेळणार, बाजाराला आलेली बाई लघवीला कुठे जाणार, हे बघायला कुणीच आलेलं नव्हतं.

मागच्या योजनेत आमच्या गल्लीच्या टोकाला एका भूखंडावर 'वाचनालय व सभागृह' असं आरक्षण होतं, म्हणजे जागा त्याच कामासाठी राखलेली. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. वर्गातल्या मुलांना सांगायचे, तिथे आपलं वाचनालय होणार आहे. पालिकेनं जागा घेतलीच नाही. शेवटी मालकानं नोटीस दिली, आरक्षण गेलं, आज तिथे गाळे आहेत. मालकावर माझा राग नाही. त्यांनी इतकी वर्षं स्वतःच्या जागेवर साधी भिंत बांधली नव्हती. वाचनालय अजून भाड्याच्या दोन खोल्यांत आहे, पहिल्या मजल्यावर. जिना इतका उभा की माझ्याबरोबरीच्या बायकांनी वर्गणी भरणं सोडून दिलं.

नवीन नकाशात मला तीन गोष्टी खटकल्या. शाळेमागचं मैदान 'रिक्त जागा' दाखवलंय. आठवडे बाजाराचं आरक्षण बायपासला टाकलंय, एस. टी. स्टँडपासून दोन किलोमीटर. आणि वाचनालय संपूर्ण यादीत कुठेच नाही.

हरकत कशी लिहायची, कुणाला द्यायची, तिचं पुढे काय होतं, हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं. माझ्याकडे 21 दिवस आहेत.

तापीकाठ | सोमवार, रात्री 9:48

बाई, धागा काढलात ते फार बरं केलं. आमच्याकडे योजना लागली तेव्हा आम्हाला कळलंच मुदत संपल्यावर. पेपरात जाहिरात आली होती, पण आतल्या पानावर, बारीक अक्षरात.

कायदेवाचक | सोमवार, रात्री 10:30

ताई, मी वकील नाही. नगररचनेच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, त्यावरून सांगतो.

सगळं महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 खाली चालतं. कलम 26 प्रमाणे प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि सूचना-हरकती मागवतात. कलम 28 प्रमाणे नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे 3 सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरणातले जास्तीत जास्त 4 जाणकार असतात. समितीचा अहवाल, मग फेरबदल, मग शासनाकडे मंजुरी. शासनाला मोठे बदल करायचे असले तर तेवढ्या भागावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात.

सुनावणीचा हक्क हरकत किंवा सूचना दिलेल्यालाच. म्हणून अर्जाच्या शेवटी एक ओळ न विसरता लिहा: 'मला प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी.' अर्ज दोन प्रतींत. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह शिक्का घ्या. पोच नसलेली हरकत दिली न दिली सारखीच.

शाळेमागच्या मैदानाचं सगळ्यात आधी धरा. ते आरक्षणाचं प्रकरण नाही, ती विद्यमान भूवापर नकाशातली चूक आहे. कलम 25 खाली आधी आज कुठे काय आहे याचा नकाशा करतात, त्यावर पुढचं सगळं उभं राहतं. आज जे मैदान 'रिक्त' दाखवलं, ते उद्या पिवळ्या, म्हणजे राहत्या घरांच्या पट्ट्यात गेलं तर सांगायला जागा राहत नाही. मैदानाचा सिटी सर्वे नंबर, मिळकत पत्रिकेचा उतारा, शाळेचं पत्र आणि मुलं खेळत असतानाचे फोटो जोडा.

नकाशाबरोबर अहवालही असतो. तो मागा, दाखवावाच लागतो. त्यात एक तक्ता असतो: अंदाजे लोकसंख्या किती, तिला मैदानं, शाळा, दवाखाने, बाजार किती लागतात, आज किती आहेत, नवीन किती दिले. तुमचं वाचनालय त्या तक्त्यातून गळालंय का ते बघा. गळालं असेल तर हरकतीत तक्त्याचा पान नंबर टाका. कलम 22 मध्ये शैक्षणिक, सांस्कृतिक संस्था, बाजार, लोकांनी जमण्याच्या जागा या सगळ्यांसाठी जमीन दाखवता येते असं स्पष्ट आहे.

केळीचा_घड | मंगळवार, सकाळी 6:55

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. माझं बोलणं कुणाला लागलं तर माफ करा.

आमच्या साडेचार एकरात मागच्या योजनेत 'खेळाचे मैदान' पडलं होतं. वडील तेव्हा होते. बँकेनं कर्ज देताना कुरकुर केली, बहिणीच्या लग्नाला अर्धा एकर काढायचा होता तर गिऱ्हाईक उभं राहीना. आरक्षणाची जमीन कोण घेणार? पालिकेकडे मोबदल्याला पैसा नाही. टीडीआर घ्या म्हणाले, म्हणजे पैशाऐवजी दुसरीकडे जास्त बांधायचा हक्क, जो विकताही येतो. मोठ्या शहरात टीडीआर विकला जात असेल. आमच्या गावात चार मजल्यांवर कुणी बांधत नाही, तो कागद घेणार कोण? वडील गेले, आरक्षण तसंच राहिलं. शेवटी कलम 127 ची नोटीस दिली, वकिलाचा खर्च केला, तेव्हा सुटलं. आता नवीन योजनेत पुन्हा आमच्याच गटावर 'बगीचा' पडलाय.

पोरांनी खेळावं, बायांना बसायला जागा असावी, हे मलाही वाटतं. माझी नात क्रिकेट खेळते. पण गावाला हवी ती प्रत्येक गोष्ट गावाच्या कडेच्या तीन-चार शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर का लिहायची?

निंबाची_सावली | मंगळवार, सकाळी 8:20

जिभाऊ, लागलं नाही. उलट मी रात्री लिहिलं त्यात जी चूक होती ती तुमच्यामुळे दिसली. मी मनात 'आरक्षण मागायचं' एवढंच धरून बसले होते. आमच्या गल्लीतलं आरक्षण नेमकं तुमच्या वडिलांसारखंच गेलं. मालक अडकून राहिला आणि गावाला एक पुस्तकसुद्धा मिळालं नाही.

कायदेवाचक दादा, 127 चं नीट सांगाल का?

कायदेवाचक | मंगळवार, दुपारी 1:15

अंतिम योजना अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपलं असं धरतात. हे 24 महिने 2015 च्या दुरुस्तीनं झाले, आधी मुदत कमी होती. नुसता प्रस्ताव वर पाठवला म्हणजे पाऊल उचललं असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2007 च्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितलं आहे. तेव्हा ज्या पालिकेच्या अंदाजपत्रकात भूसंपादनाला पैसा नाही, तिथे खाजगी जमिनीवर पडलेलं आरक्षण बहुतेक वेळा याच वाटेनं जातं.

घड भाऊंचं दुखणं खरं आहे. कलम 126 मध्ये जमीन घेण्याचे तीन मार्ग आहेत: समजुतीनं पैसे देऊन, एफएसआय (उरलेल्या जागेवर जास्त बांधायची मुभा) किंवा टीडीआर देऊन, नाहीतर भूसंपादन कायद्यानं. छोट्या गावात मधला मार्ग कागदावरच राहतो. म्हणून माझा आग्रह आहे की सूचना देताना पुढचं वाक्य टाकावं: 'ही सुविधा शासकीय, नगरपरिषदेच्या किंवा ले-आऊटमध्ये आधीच सोडलेल्या जागेवर द्यावी.' आणि ती जागा कोणती, तिच्या नंबरासकट लिहावं. जागा तुम्ही शोधून दिली तर समितीला नाही म्हणायला कारण शोधावं लागतं.

गल्ली_नंबर_चार | मंगळवार, रात्री 8:05

मी धुळ्याचा. आमच्या जुन्या शहराच्या सरळ गल्ल्या कॅप्टन ब्रिग्जच्या काळात, म्हणजे 1818 नंतर आखल्या गेल्या, अजून आम्ही पत्ता गल्ली नंबरानंच सांगतो. लहानपणी त्या रुंद गल्लीत आमचं सगळं व्हायचं: लग्नाची पंगत, कानबाईची मिरवणूक, उन्हाळ्यात बाजा टाकून झोपणं. आता देवपूरच्या पुढे ज्या कॉलन्या झाल्या तिथे रस्ते अरुंद, आणि कार्यक्रमाला मंगल कार्यालयाचं भाडं भरावं लागतं.

बाई, तुमच्या गावात कॉलन्यांच्या ओपन स्पेस (प्लॉट पाडताना सोडलेल्या मोकळ्या जागा) किती आहेत ते मोजा. मी आमच्या भागात मोजल्या. 14 सापडल्या. 3 वर झाडं आहेत, एकीवर पाण्याची टाकी, दोनांवर ट्रॅक्टर आणि वाळूचे ढीग, बाकी काटेरी बाभूळ.

कायदेवाचक | मंगळवार, रात्री 9:30

गल्ली भाऊंनी फार कामाचं सांगितलं. डिसेंबर 2020 ला आलेल्या बांधकामाच्या एकत्रित नियमावलीत 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटला 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. त्याआधीच्या नियमांतही खुल्या जागेची अट होतीच, म्हणून जुन्या कॉलन्यांतही ती सापडते. या खुल्या जागेत तिच्या क्षेत्राच्या 15 टक्क्यांपर्यंत बांधकाम करता येतं, त्यातलं तळमजल्यावर 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. वाचनालय, व्यायामशाळा, पाळणाघर, योगवर्ग अशा वापरासाठी.

म्हणजे 1200 चौरस मीटरची ओपन स्पेस असेल तर तळमजल्यावर 120 चौरस मीटर. त्यात एक चांगली वाचन खोली, एक स्वच्छतागृह आणि ओटा आरामात बसतो, उरलेली 90 टक्के जमीन मोकळी राहते. भूसंपादनाचा रुपया नाही. प्लॉटधारकांना विश्वासात घ्यायला हवं, कारण ती जागा त्यांच्या वापरासाठी आहे. त्यांना वगळून केलं तर भांडण ठरलेलं.

उलटही होतं, ते लक्षात ठेवा. खुल्या जागेवर कुणी खाजगी काम करू पाहत असेल तर बंगलोर मेडिकल ट्रस्टचा 1991 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देणं न्यायालयानं रद्द ठरवलं होतं. दवाखानाही चांगलाच असतो, पण बाग ती बाग.

अखाजीचा_झोका | बुधवार, दुपारी 2:40

मी माहेरची पारोळ्याकडची, सासर चाळीसगावकडे. माझं एकच मागणं आहे आणि ते कुणी नकाशात लिहीत नाही: झाडं.

अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही माहेरी यायचो तेव्हा गावाबाहेरच्या निंबाला झोके बांधलेले असायचे. गौराईची गाणी व्हायची. मागच्या वर्षी माझ्या मुलीला झोका बांधायला गावात एक फांदी सापडली नाही. छताच्या हुकाला साडी बांधून दिली. 'बगीचा' म्हणून जे बांधतात त्यात पेव्हर ब्लॉक, रंगवलेली घसरगुंडी आणि गुडघ्याएवढी शोभेची झुडपं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. त्या लोखंडी घसरगुंडीला संध्याकाळी सहापर्यंत हात लावता येत नाही. हरकतीत लिहाल का की मैदानावर, बाजारावर, वाचनालयाच्या आवारात जी जुनी निंब, चिंच, वड आहेत ती नकाशावर दाखवावीत आणि बांधकाम ती सोडून करावं?

निंबाची_सावली | बुधवार, दुपारी 4:00

लिहिणार. शाळेमागच्या मैदानाला 7 निंब आहेत, मी आज संध्याकाळी जाऊन मोजपट्टीनं घेर घेते.

सातपुड्याची_वाट | बुधवार, रात्री 10:10

मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षक. सातपुड्यातल्या पाड्यांवरून पोरं तालुक्याच्या गावी शिकायला येतात. वसतिगृहात नंबर लागला नाही तर चौघं मिळून एक खोली. त्या खोलीत अभ्यास होत नाही. या पोरांसाठी अभ्यासिका म्हणजे परीक्षेचा निकाल बदलणारी गोष्ट आहे. पण प्रारूप योजनेवर ती हरकत घेणार नाहीत. गाव त्यांचं नाही असं त्यांना वाटतं.

बाजाराचंही तेच. बायपासला बाजार नेणं गाडी असणाऱ्याला सोयीचं. डोक्यावर पाटी घेऊन एस. टी.नं उतरणाऱ्या पावरा बाईला ते दोन किलोमीटर परवडत नाहीत. तिला सावलीचा ओटा, पाणी आणि कडी असलेलं स्वच्छतागृह हवं. होळीआधी आमच्याकडे भोंगऱ्या बाजार भरतो, ढोल-बासऱ्या घेऊन पाडेच्या पाडे उतरतात. त्याला लागणारी मोकळी जागा वर्षात एक-दोन दिवसच वापरली जाते, म्हणून नकाशात ती 'रिक्त' ठरते आणि जाते.

खेड्यात राहणाऱ्यांनी विकास योजनेची वाट बघू नये. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव लिहून घ्यावा. आमच्या अनुसूचित क्षेत्रात (चोपडा, यावल, रावेरकडची काही गावंही त्यात येतात) पेसा कायद्यानं (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) ग्रामसभेचं वजन आणखी जास्त आहे.

अभ्यासिकेचा_दिवा | गुरुवार, पहाटे 5:30

सर, तुम्ही लिहिलंत ते माझंच आहे. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, एका बंद पडलेल्या समाजमंदिराच्या ओट्यावर सकाळी चार ते आठ बसतो, कारण नंतर ऊन येतं. खाजगी अभ्यासिकेची महिन्याची फी घरी मागवत नाही. आमच्यासारखे अकरा जण आहोत. आम्ही सही करू, आणि नकाशा मोबाईलवर नीट फोटो काढून जोडून देऊ.

मन्यारखेडा_रोड | गुरुवार, सकाळी 10:15

वाईट वाटून लिहितोय. आरक्षण उठू नये म्हणून आम्ही मागच्या वेळी 200 सह्या दिल्या होत्या. एकच मजकूर छापून सगळ्यांनी सह्या केल्या. सुनावणीला दोन माणसं गेली. आरक्षण तरी उठलंच. जागा एकदा गई म्हंजे परत येस नही, हे आम्ही आता म्हणत बसतो. तुम्ही एवढी मेहनत घेताय, तुमचं तसं होऊ नये.

कायदेवाचक | गुरुवार, दुपारी 12:50

भाऊ, तुमच्या 200 सह्यांची कागदोपत्री एकच हरकत मोजली गेली असणार. त्यापेक्षा 20 जणांनी 20 वेगळे अर्ज, प्रत्येकात आपलं स्वतःचं कारण, आणि सुनावणीला 20 जण. कॉलनीतल्या माणसानं ओपन स्पेसचं लिहावं, बाजारात बसणाऱ्या बाईनं बाजाराचं, पोरांनी अभ्यासिकेचं. घड भाऊंनी आपल्या गटावरच्या बगीच्याला हरकत घ्यावी आणि त्याच अर्जात बगीचा कुठल्या सरकारी जागेवर बसेल ते सुचवावं.

केळीचा_घड | गुरुवार, रात्री 9:00

सुचवतो. नाल्याच्या पलीकडे जुन्या पाणीपुरवठा विहिरीची पालिकेची जागा आहे, एकराच्या वर भरेल. विहीर बंद आहे, पण चिंचा मोठ्या आहेत. तिथे बगीचा करा, चिंचांना पाणी मी माझ्या बोअरचं देतो. हे अर्जात लिहून देतो.

निंबाची_सावली | रविवार, रात्री 8:30

चार दिवस गावात फिरले, म्हणून उशीर. अहवालाचा तक्ता बघितला. वाचनालय खरंच नाही. 'सांस्कृतिक' या एका शब्दाखाली सगळं बांधून एकच मोठा भूखंड दाखवलाय, तोही खाजगी, तोही गावाबाहेर. एकच मोठं सभागृह बांधलं की फित कापायला सोपं, पण म्हातारी माणसं, पोरी, बायका घरापासून चालत जातील एवढ्या अंतरावरच्या तीन छोट्या खोल्या आम्हाला जास्त कामाच्या आहेत. मी हेच लिहिलं. मसुदा खाली देते, कुणाला लागला तर आपल्या नंबरांनी बदलून घ्या.

> प्रति, (नोटिशीत दिलेले अधिकारी).
> विषय: सुधारित प्रारूप विकास योजनेवर कलम 26 नुसार सूचना व हरकत.
>
> 1. सि. स. नं. ___ ही जागा विद्यमान भूवापर नकाशात 'रिक्त' दाखवली आहे. प्रत्यक्षात ते शाळेचे मैदान असून रोज वापरात आहे. त्यावर निंबाची 7 जुनी झाडे आहेत. नोंद दुरुस्त करून 'खेळाचे मैदान' असा वापर कायम करावा.
>
> 2. आठवडे बाजाराचे आरक्षण क्र. ___ स्टँडपासून दूर आहे. बाजार सध्याच्या जागीच ठेवून लगतच्या नगरपरिषदेच्या जुन्या गोदामाच्या जागेत ओटे, सावली, पिण्याचे पाणी व महिलांसाठी स्वच्छतागृह द्यावे.
>
> 3. सोबत जोडलेल्या नकाशात दाखवलेल्या तीन खुल्या जागांवर, तेथील प्लॉटधारकांच्या संमतीने, नियमात बसेल एवढ्या क्षेत्रात वाचनालय व अभ्यासिका प्रस्तावित करावी. खोल्या तळमजल्यावर असाव्यात व आत जायला पायऱ्यांऐवजी उतार (रॅम्प) असावा.
>
> 4. या सुविधांसाठी शक्य तेथे खाजगी शेतजमीन घेऊ नये.
>
> मला प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी.

तीनपैकी दोन कॉलन्यांनी संमतीचं पत्र दिलं. तिसऱ्या कॉलनीत अजून नाही, तिथल्या काकांना भीती आहे की रात्री पोरं गोंधळ करतील. अभ्यासिकेचा दिवा आणि त्याचे मित्र उद्या त्यांना भेटायला येतायत.

अखाजीचा_झोका | रविवार, रात्री 9:05

बाई, चौथा मुद्दा वाचून डोळे भरले.

निंबाची_सावली | (अडीच महिन्यांनी) शुक्रवार, सायंकाळी 7:40

आज सुनावणी झाली. आमच्या गावातून 23 अर्ज होते, 19 माणसं हजर होती. मला सात-आठ मिनिटं मिळाली. मैदानाचे फोटो आणि शाळेचं पत्र बघून समितीतल्या एका बाईंनी लगेच शेजारच्या अधिकाऱ्यांना नोंद तपासायला सांगितलं. बाजाराबद्दल फार प्रश्न विचारले, वाहतुकीचं काय करणार म्हणाले. तेव्हा भाजी विकणाऱ्या आमच्या एका ताईंनी उठून सांगितलं की सकाळी सहाला पाटी घेऊन त्या कुठून कशा चालतात. त्यांचं बोलणं लिहून घेतलं. वाचनालयावर काहीच बोलले नाहीत, फक्त नकाशा ठेवून घेतला. घड भाऊंना विचारलं, तुम्ही चिंचांना पाणी द्याल हे लिहून देता का. ते म्हणाले, दिलंय, पान दुसरं बघा.

अहवाल यायला वेळ आहे. तो आला की माहितीच्या अधिकारात प्रत मागणार आणि इथे टाकणार. तोवर तिसऱ्या कॉलनीतल्या काकांनी होकार दिलाय, रात्री नऊला कुलूप लावायचं या अटीवर, आणि किल्ली त्यांच्याकडेच राहील.

शहादा, शिरपूर, अमळनेर, यावल, कुणाकडेही योजना लागली तर नकाशाचे फोटो याच धाग्यावर टाका. मुदतीचे किती दिवस उरलेत ते आधी लिहा.